गारठ्याची रंगीत तालीम

सावळीराम बोरस्त्यांना बर्फ माहीत होता तो रसवंतीतला. फार तर लग्नात मठ्ठ्याच्या पिंपात सोडतात तो. त्यापलीकडे बर्फाशी त्यांचा संबंध आला नव्हता आणि येऊ नये, अशीच त्यांची इच्छा होती. त्यामुळे सिअ‍ॅटलला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं, निकितानं, व्हिडिओ कॉलवर "पप्पा, या जुलैत तुम्ही दोघं इकडं येताय आणि आपण अलास्काला जातोय," असं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी सावधपणे विचारलं, "तिथं बघण्यासारखं काय आहे?"

"हिमनद्या."

"आणि?"

"हिमनद्याच. जिकडं बघाल तिकडं."

सातपूरच्या एका कारखान्यात सावळीरामांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली होती. समोर आलेला माल आधी नापास करायचा आणि मग कारण शोधायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. शेवग्याच्या शेंगांपासून जावयापर्यंत सगळ्यांना त्यांनी एकदा तरी नापास केलं होतं. अलास्काचाही निकाल लागल्यातच जमा होता. तेवढ्यात विमलबाई ओले हात पदराला पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, मोबाईलपुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "निकिता, हिमनदीला हात लावू देतात का गं?"

सावळीराम बायकोकडं बघतच राहिले. लग्न झाल्यापासून विमलबाईंनी स्वतःसाठी असं काही मागितल्याचं त्यांना आठवेना. मिक्सर मागितला होता, पण तो घरासाठी. आणि आता एकदम हिमनदी! मग कळलं की, लासलगावच्या शाळेत भूगोलाच्या बाईंनी 'हिमनदी वाहते, पण वाहताना दिसत नाही' असं शिकवलं होतं. तेव्हा लहानग्या विमलनं उभं राहून विचारलं होतं, "मग बाई, वाहते हे कळतं कसं?" बाई म्हणाल्या होत्या, "खाली बस." ती खाली बसली, पण प्रश्न काही बसला नाही.

निकितानं ठरवलेली सहल साधीसुधी नव्हती. तिचं नाव 'गाईडेड मल्टिस्पोर्ट अ‍ॅडव्हेंचर' असं होतं. 'स्पोर्ट' म्हणजे मधल्या वेळात कॅरम वगैरे असावा, असा सावळीरामांचा समज झाला. निकितानं फोड करून सांगितली. जंगलातून सायकल, समुद्रात कयाक नावाची निमुळती होडी, नदीत राफ्टिंग आणि शेवटी खिळ्यांचे बूट घालून हिमनदीवर चालणं.

"पाय घसरला तर?" सावळीरामांनी विचारलं.

"गाईड असतो ना पप्पा."

"गाईडचा घसरला तर?"

पण खरी गोष्ट वेगळीच होती. सावळीरामांना भीती वाटत होती. उंचीची वाटत होती, खोल पाण्याची वाटत होती, बंद खोलीचीही वाटत होती. हे त्यांच्या मते जगात कुणालाच माहीत नव्हतं. सोसायटीची लिफ्ट ते वापरत नसत, पण त्याचं कारण ते 'व्यायाम' असं सांगत. बोरस्ते घराण्यात पुरुषांनी भ्यायची पद्धत नव्हती, आणि ती पद्धत आपल्यापासून सुरू व्हावी असं त्यांना वाटत नव्हतं.

म्हणून त्यांनी गुडघ्याचं कारण काढलं. विमलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. तुम्ही नाही तर मी पण नाही. टीव्हीवर दाखवतात की, तिथं बघू." आणि आत जाऊन त्यांनी कुकर लावला. त्या रागावल्या असत्या तर सावळीरामांना बरं वाटलं असतं. भांडीही आपटली नाहीत. कुकरच्या शिट्ट्या ऐकत ते बराच वेळ बसून राहिले. आपण मागं हटलो तर ही बाई पुन्हा काहीच मागणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि म्हणाले, "जायचं."

इथून पुढं जे घडलं त्याला इंदिरानगरातली त्यांची सोसायटी जबाबदार आहे.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. चेअरमन म्हणाले, खिशात कांदा ठेवा. सावळीराम म्हणाले, तो उन्हासाठी असतो. चेअरमन म्हणाले, उन्हाला चालतो तर थंडीला का नाही चालणार? नाशिक जिल्ह्यात राहून कांद्यावर शंका घेणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. दुसऱ्या मजल्यावरचा हर्षल रविवारी घट्ट कपडे घालून सायकलवरून त्र्यंबकेश्वरला जाऊन येत असे. त्यानं सावळीरामांना दोन जिने चढायला लावले, नाडी बघितली आणि "काका, अवघड आहे," असं म्हणून रोज पांडवलेणी चढायचा हुकूम सोडला.

पांडवलेण्यांच्या पायऱ्या विमलबाई गप्पा मारत चढत. सावळीराम प्रत्येक वळणावर थांबून शहराकडं बघत. इतक्या ठिकाणी थांबून नाशिक आजवर कुणी न्याहाळलं नसेल. एकदा काठी टेकत निघालेल्या एका आजीबाईंनी जाताना आणि परत येताना असं दोनदा त्यांना ओलांडलं, आणि परत येताना "बसा बाळा, घाई नाही," असं प्रेमानं सांगितलं.

मग सहलीच्या कंपनीला डॉक्टरचा दाखला हवा होता. कोपऱ्यावरचे डॉक्टर सावळीरामांना नोकरीपासून ओळखत. कारखान्यात दांडी झाली की ते दाखला देत, आणि तो देताना त्यांचा हात आपोआप चाले. त्याच सवयीनं त्यांनी लिहून दिलं की, सदर इसम जुलाब आणि तापानं माझ्या उपचाराखाली होता, त्यास सक्त विश्रांती सांगितली होती, आता तो कामावर रुजू होण्यास योग्य आहे. सावळीरामांनीही वर्षानुवर्षं हाच मजकूर बघितलेला असल्यामुळं त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दाखला अलास्काला गेला. तिकडून कळवळून उत्तर आलं. मिस्टर बोरस्ते बरे झाले याचा आम्हाला आनंद आहे, पण आजार साथीचा होता का आणि सहलीत शौचालयं लांब लांब असतात हे त्यांना माहीत आहे का? निकितानं दोन दिवस इकडं फोनच केला नाही.

कयाकची तालीम गच्चीवर झाली. जोडीची कयाक असते, एक पुढं, एक मागं, आणि दोघांची वल्ही एका तालात पडावी लागतात, असं हर्षलनं मोबाईलवर दाखवलं. दोन पाट एकामागं एक मांडले. वल्ह्यांसाठी झाडूचे दांडे आले. पुढच्या पाटावर सावळीराम, मागच्यावर विमलबाई. "डावा! उजवा!" अशा आरोळ्यांनी गच्ची दुमदुमली. समोरच्या फ्लॅटमधल्या ताहेराभाभी वाळवण बघायला वर आल्या आणि थबकल्या.

"विमलताई, ये क्या, कमरेसाठी आहे का?"

"कमरेलाही बरं असेल," विमलबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताहेराभाभी स्वतःचा पाट घेऊन आल्या. आठवडाभरात सोसायटीच्या भिशीतल्या सगळ्या बायका ओळीनं पाट मांडून हवा वल्हवू लागल्या. सावळीराम सगळ्यांत पुढं बसून ओरडत. खालच्या मजल्यावरून तक्रार गेली. चेअरमननी फळ्यावर नोटीस लावली की, गच्चीचा वापर पापड, कपडे आणि ध्वजवंदन यांसाठीच करावा, तेथे होडी चालवू नये. नोटिशीखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, 'मग चेअरमनसाहेबांची सौभाग्यवती कुठं वल्हवणार?' नोटीस संध्याकाळी फळ्यावरून उतरली.

आता उरला बर्फ. खिळ्यांचे बूट कंपनी देणार होती, पण परक्या देशाच्या खिळ्यांवर जीव टाकायला सावळीरामांमधला तपासनीस तयार नव्हता. त्यांनी स्वतः ड्रॉइंग काढलं आणि सातपूरला एका ओळखीच्या वर्कशॉपमधून जाड पोलादाचे दाते असलेले तळवे बनवून घेतले. ते इतके भक्कम झाले की, ते बांधल्यावर पाय उचलण्यासाठी हातांची मदत घ्यावी लागे. घरात चालून बघताना दोन फरश्या गेल्या. विमलबाई त्यावर पायपुसणं टाकून मोकळ्या झाल्या.

हे सगळं बर्फावर आजमावायचं कुठं? मार्गदर्शन ताहेराभाभींचे मिस्टर शौकतभाई यांनी केलं. त्यांचा मेहुणा मुस्तकीम पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज सांभाळत असे. "बोरस्ते भाऊ, गारठाच पाहिजे ना तुम्हाला? अलास्का काय करणार त्याच्यापुढं? चला, उद्याच जाऊ. फिकर नॉट."

मार्चच्या रणरणत्या उन्हात दोन्ही जोडपी मिळून चौघं निघाले. पॅकहाऊसच्या आवारात पोचल्यावर सावळीरामांनी अलास्काचा सगळा पोशाख चढवला. थर्मल, स्वेटर, फुगीर जाकीट, कानटोपी, काळा गॉगल, हातमोजे आणि पायांत सातपूरचं पोलाद. ते खण् खण् करत पॅकिंगच्या हॉलमधून निघाले तसा तिथल्या बायकांचा कलकलाट एकदम थांबला. निर्यातीची धामधूम होती आणि परदेशी खरेदीदाराचा माणूस तपासणीला येणार, अशी कुणकुण होती. सगळ्यांनी डोक्यावरच्या टोप्या सारख्या केल्या. एका सुपरवायझरनं वाकून नमस्कार केला.

सावळीराम थांबले. नमस्कार करणारा सुपरवायझर पाहून त्यांच्या आत कुठंतरी कारखान्याचा जुना भोंगा वाजला. त्यांनी एक खोकं उचललं, उजेडाकडं धरलं, पट्टी बोटानं ओढून पाहिली आणि सवयीनं मान डावी-उजवीकडं हलवली. नापास! सुपरवायझरचा चेहरा पडला. त्यानं ती अख्खी थप्पी बाजूला काढायला सांगितली. सावळीराम पुढं सरकत शीतगृहात शिरले, त्यांच्या मागून विमलबाई शाल गुंडाळून आत आल्या, आणि जड दार धप्पकन बंद झालं.

आत शून्याच्या आसपासचा गारठा होता, छतापर्यंत खोक्यांच्या भिंती होत्या आणि पंख्यांचा घोंगाट होता. विमलबाई एका उपड्या क्रेटवर बसल्या आणि तोंडातून निघणारी वाफ कौतुकानं बघू लागल्या. सावळीरामांनी एक पाऊल टाकलं. दाते खालच्या लाकडी पॅलेटमध्ये रुतले. त्यांनी मागं बघितलं. दार बंद होतं. खिडकी नव्हती. खोक्यांच्या भिंती जवळ येताहेत असं त्यांना वाटलं, आणि पुढचं त्यांना नीटसं आठवत नाही. बूट दात्यांसकट पॅलेटमध्ये राहिले, ते नुसत्या मोज्यांवर दाराशी पोचले आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागले. दार आतून उघडायची हिरवी मूठ त्यांच्या खांद्याशीच होती. ती विमलबाईंनी उठून दाबली.

बाहेर मुस्तकीम घामाघूम उभा होता. "माझी थप्पी कोणी नापास केली?"

"आतल्या साहेबांनी," सुपरवायझर म्हणाला.

शौकतभाई पोट धरून हसत होते. सावळीरामांनी श्वास सावरला आणि दाराच्या रबरावरून बोट फिरवत म्हणाले, "गॅस्केट बघत होतो. ठीक आहे." विमलबाईंनी बूट पॅलेटमधून उपटून आणले आणि गाडीत ठेवले. परतीच्या वाटेवर त्या चौघांसाठी द्राक्षं निवडत बसल्या आणि चांगले मणी तेवढे सावळीरामांच्या हातात देत राहिल्या.

जुलै आला. व्हिसा, विमान, सिअ‍ॅटल, पुन्हा विमान असं करत करत निकितासह तिघं अलास्कातल्या एका लाकडी लॉजवर पोचले. गाईड होती इंग्रिड नावाची एक उंच, हसरी मुलगी. बरोबर एक निवृत्त शिक्षक जोडपं आणि टेक्सासच्या दोन बहिणी होत्या. सावळीरामांनी सातपूरचे तळवे पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. इंग्रिडनं ते दोन्ही हातांनी उचलले, आदरानं फिरवून पाहिले आणि निकिताला विचारलं, "हे कुठल्या प्राण्याला लावतात?"

पहिल्या दिवशी सायकली होत्या. लासलगावला शाळेत असताना विमलबाई भावाची सायकल चोरून चालवत, ही नवीन माहिती सावळीरामांना निकिताकडून मिळाली तेव्हा ते झुडपात पडलेले होते. विमलबाई तोवर वळणापलीकडं गेल्या होत्या. जंगलातून पायी जाताना इंग्रिडनं सांगितलं की, अस्वल दचकू नये म्हणून सतत मोठ्यानं बोलत राहा. सतत काय बोलणार? सावळीरामांनी पाढे सुरू केले. बेपासून निघाले, पंधराच्या पाढ्याला शिक्षक जोडप्यानं ताल धरला, वीसला टेक्सासच्या बहिणी "वीस दाहे दोनशे" म्हणून ओरडल्या. एकोणतीसला मात्र सावळीराम अडकले. एकोणतीस चोक? जंगल एकदम शांत झालं. "अहो, म्हणा काहीतरी, अस्वल येईल," विमलबाई कळवळून म्हणाल्या. शेवटी त्यांनी एकोणतीस सोडून तीस धरला आणि सगळे सुखरूप बाहेर पडले.

कयाकमध्ये तर कमालच झाली. बाकीच्यांच्या होड्या गोल गोल फिरत होत्या आणि बोरस्ते जोडप्याची वल्ही एका तालात पडत होती. इंग्रिडनं विचारलं, कुठं शिकलात? "ऑन टेरेस," सावळीराम म्हणाले. त्यांनी डोळे मात्र शेवटपर्यंत घट्ट मिटलेले होते. परतल्यावर सगळे पाण्यात दिसलेल्या सील प्राण्याबद्दल बोलत होते, तेव्हा "हो, मोठा होता," असं म्हणून त्यांनी वेळ निभावली. राफ्टिंगलाही त्यांनी तेच धोरण ठेवलं.

शेवटी तो दिवस उजाडला. दगडगोट्यांच्या लांबलचक उतारावरून सगळे हिमनदीच्या काठाशी पोचले. टीव्हीवर ती पांढरी दिसते. समोर होती ती निळी होती, मधूनमधून राखाडी, भेगाळलेली आणि नजर पोचेल तिथवर वर चढत गेलेली. भेगांतून खाली कुठंतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. विमलबाईंनी छातीशी हात नेला आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

सावळीराम एका दगडावर बसले. "बूट टोचतोय," ते म्हणाले. इंग्रिडनं बूट नीट केला. "हेल्मेट सैल आहे." तिनं आवळून दिलं. मग त्यांनी खिळे तपासले, पट्टा तपासला, आणि ज्या दोरानं सगळ्यांना एकमेकांशी बांधणार होते त्याचं प्रमाणपत्र मागितलं. बिचारीनं दोरावरची पट्टी वाचून दाखवली. सगळं पास झालं. नापास करायला आता काही उरलं नाही.

"तुम्ही जाऊन या," ते म्हणाले. "मी इथं सामान सांभाळतो."

सामान सगळ्यांच्या पाठीवर होतं. विमलबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि हळूच स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा सोडायला घेतला. "मग मी पण बसते. इथून दिसतंय की सगळं."

आवाज तोच होता, टीव्हीवर बघू म्हणतानाचा. निकितानं मान फिरवली. सावळीरामांनी एकदा त्या निळ्या बर्फाकडं पाहिलं, एकदा बायकोच्या पट्ट्यावरच्या बोटांकडं पाहिलं. आणि बोरस्ते घराण्यात आजवर कुणी न उच्चारलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

"विमल, मला भीती वाटते."

"मला ठाऊक हाय," विमलबाई म्हणाल्या. मन भरून आलं की त्यांच्या बोलण्यात लासलगाव यायचं.

"कधीपासून? त्या कोल्ड स्टोरेजपासून?"

"लगीन झालं तवापासून. माझे भाऊ विहिरीवर पोहायला चला म्हणले, तर तुमच्या पोटात दुखायला लागलं. आन् संध्याकाळी भजी मात्र लय खाल्ली तुम्ही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठं बोलला? तुम्ही भीतच नाय म्हणल्यावर मी काय बोलणार?" विमलबाई त्यांच्या शेजारी दगडावर बसल्या. "मला पण वाटती की भीती. विमानात वाटली, त्या होडीत वाटली. आत्ता तर बघा, हात कसा गार पडलाय. पण सांगायचं कुणाला? भीती नसलेल्या माणसाशेजारी बसून भ्यायचं म्हणजे लय एकटं वाटतं."

एवढी वर्षं आपण छाती काढून हिंडलो, आणि त्या छातीमागं ही एकटी घाबरत राहिली. सावळीरामांनी तिचा हात धरला. तो खरंच गार होता. त्यांनी तो दोन्ही हातांत चोळला, तिच्या हेल्मेटचा पट्टा पुन्हा लावला आणि म्हणाले, "चल. दोघं मिळून भिऊ."

इंग्रिडनं दोर बांधला. सर्वांत पुढं ती, मग निकिता, मग विमलबाई आणि त्यांच्यामागं सावळीराम. आता, बोरस्त्यांच्यात नवरा पुढं आणि बायको चार पावलं मागं, अशीच चाल होती. बाजारात, लग्नकार्यात, फिरायला जाताना सावळीराम पुढं असत आणि विमलबाई येताहेत की नाही ते बघायला मधूनच मान वळवत. तिच्यामागून चालायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. बर्फात एक एक पाऊल रोवत ते निघाले. खाली बघवेना म्हणून ते समोर विमलबाईंच्या पाठीकडं बघत राहिले. आणि थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की, ही डावा पाय टेकताना जराशी कलते.

"विमल, पाय दुखतोय का?"

"दुखतो जरा. केव्हाचाच दुखतो."

"केव्हाचा म्हणजे?"

"निकिता झाली तवापासून."

सावळीरामांचे डोळे भरून आले. काळ्या गॉगलचा त्यांना पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला. दोर सैल राहील इतक्या जवळून ते तिच्या पावलात पाऊल टाकत चालू लागले. घरी गेल्यावर आधी हाडाच्या डॉक्टरकडं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं, आणि या विचारात भेगेवरची लाकडी फळी कधी ओलांडली ते त्यांना समजलंही नाही.

वर एका सपाट जागी सगळे थांबले. विमलबाईंनी हातमोजा काढला, गुडघ्यांवर बसल्या आणि हिमनदीवर तळहात ठेवला. मग कान टेकवला. निकितानं त्यांचा जुना प्रश्न इंग्रिडला इंग्रजीत सांगितला. इंग्रिडही गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली की, आम्ही बर्फात काठ्या रोवून ठेवतो, पुढच्या वर्षी येऊन बघतो तर त्या खाली सरकलेल्या असतात. "म्हणजे थांबावं लागतं," विमलबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

सावळीराम घाईघाईनं त्यांच्याजवळ खाली बसले. "काय झालं? पाय दुखला का?"

"नाही हो." त्यांनी डोळे पुसले. "मागितलं आणि मिळालं. असं पण होतं म्हणायचं."

"मग अजून माग."

सावळीराम हे मनापासून बोलून गेले. विमलबाईंनी थोडा वेळ बर्फावर बोट फिरवलं.

"मागू?"

"माग की."

"आपली गाडी चालवायला शिकवा मला."

ती गाडी सावळीरामांनी सर्व्हिसिंगवाल्याच्या ताब्यातही कधी सुखासुखी दिली नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढं द्वारका चौक उभा राहिला. चहूबाजूंनी ट्रक, बस, रिक्षा, मध्ये त्यांची गाडी, स्टिअरिंगवर विमलबाई आणि शेजारी ते स्वतः, पायाखाली ब्रेक नसलेल्या सीटवर. कमरेचा दोर थरथरला आणि ती थरथर विमलबाईंपर्यंत पोचली.

"घाबरलात?" त्यांनी विचारलं.

"हो," सावळीराम म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला ते फारच सोपं गेलं. "शिकवतो. पण घाबरलोय."

विमलबाईंनी आपला गार हात त्यांच्या जाकिटाच्या खिशात घातला. "मी पण," त्या म्हणाल्या.